भाषांतर झालंय, मंजुरी बाकी आहे

सुप्याच्या धरणातून वीजनिर्मितीसाठी पाणी सुटलं की गणेशगुडीला काळी नदीत राफ्टिंग सुरू होतं. पाणी उशिरा सुटलं तर फेरी पुढे ढकलावी लागते. त्यामुळे इथल्या होमस्टेवाल्यांचं निम्मं काम म्हणजे पाहुण्यांशी बोलत राहणं. पाहुणे येतात बेळगाव, हुबळी, गोवा, कोल्हापूर, पुणे, बंगळूर असे चहूकडून. घरात कोंकणी, कचेरीत कानडी, बेळगाव-कोल्हापूरकडच्यांशी मराठी आणि बंगळूरच्या आयटीवाल्यांशी हिंदी-इंग्रजी, असं पाच भाषांतलं जगणं कर्नाटकातल्या या जोयडा तालुक्यात नवलाचं नाही. फोनवर ते सहज निभावतं. अडतं ते वेबसाइटवर.

समजा, एखाद्या होमस्टेने मराठी पाहुण्यांसाठी वेबसाइट मराठीत केली. खोल्या, जेवण, पोचायचा रस्ता, सगळा मजकूर मराठीत लिहून घेतला. पाहुणा चौकशीचा फॉर्म भरतो, फोन नंबर टाकायचा विसरतो, आणि खाली लाल अक्षरांत इंग्रजी वाक्य उमटतं. तारीख निवडायला गेला तर महिन्यांची नावं इंग्रजी. आरक्षण झाल्याचा ईमेल इंग्रजी. मालकाला विचारलं तर तो म्हणतो, ही वाक्यं मी लिहिलेलीच नाहीत. ते खरंच आहे. ती प्लगइनमधून येतात.

वर्डप्रेस हे वेबसाइट बनवण्याचं मुक्त सॉफ्टवेअर २७ मे २००३ रोजी मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी पहिल्यांदा जाहीर केलं. आज जगातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त वेबसाइट त्यावर चालतात. मूळ सॉफ्टवेअर लेख आणि पानं सांभाळतं. फॉर्म, दुकान, आरक्षणाचं कॅलेंडर, फोटोंची मांडणी असं जे वरचं लागतं त्यासाठी प्लगइन जोडायचे. वर्डप्रेसच्या अधिकृत भांडारात असे सुमारे साठ हजार प्लगइन फुकट मिळतात आणि ते लिहिणारे जगभर पसरलेले आहेत. चौकशीच्या फॉर्मसाठी सर्रास वापरला जाणारा ‘कॉन्टॅक्ट फॉर्म ७’ ताकायुकी मियोशी या जपानी प्रोग्रामरने लिहिला. त्याने मराठी शिकावं अशी अपेक्षा कुणी करणार नाही. पण त्याने एक गोष्ट करून ठेवली आहे: प्लगइनमधलं प्रत्येक वाक्य असं बांधलंय की दुसऱ्या कुणाला त्या जागी आपल्या भाषेतलं वाक्य ठेवता येतं.

ही सोय ‘गेटटेक्स्ट’ नावाच्या पद्धतीने होते. ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाने तिची आपली आवृत्ती १९९५ साली आणली, आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात आजही बरंचसं भाषांतर तिच्यावरच चालतं. पद्धत साधी आहे. प्रोग्राममधलं प्रत्येक इंग्रजी वाक्य हीच त्याची ओळख. एका फाइलीत इंग्रजी वाक्य आणि त्याखाली मराठी, पुन्हा इंग्रजी आणि त्याखाली मराठी, अशा जोड्या असतात. या धंद्यात त्या प्रत्येक तुकड्याला ‘स्ट्रिंग’ म्हणतात. वेबसाइटची भाषा मराठी असेल तर प्रोग्राम जोडीतली मराठी ओळ उचलतो, आणि ती नसेल तर मुकाट्याने इंग्रजी दाखवतो. त्यामुळे अर्धवट भाषांतराने काही बंद पडत नाही, फक्त पान धेडगुजरी दिसतं.

पूर्वी ही फाइल भाषांतर करणारा तयार करायचा आणि प्लगइनच्या लेखकाला ईमेलने पाठवायचा. लेखक ती पुढच्या आवृत्तीत घालायचा. तो जपानमध्ये किंवा पोलंडमध्ये. मराठी बरोबर आहे की कुणी चेष्टा केली आहे हे त्याला कळायचं काही कारण नव्हतं. २०१५ पासून प्लगइनचं भाषांतर वर्डप्रेसच्या सामायिक जागेवर, ग्लॉटप्रेस नावाच्या साधनात, होऊ लागलं. ऑगस्ट २०१६ मध्ये आलेल्या ४.६ या आवृत्तीपासून तर वेबसाइट आधी तिथून आलेलं भाषांतर बघते, आणि लेखकाने प्लगइनसोबत दिलेली फाइल त्यानंतर. म्हणजे भाषेचा अधिकार लेखकाकडून निघून भाषिकांकडे आला. माझ्या मते या सगळ्या कथेतली ही सर्वांत मोठी घटना आहे, आणि तिचा फारसा गाजावाजा झाला नाही.

अधिकार आला की जबाबदारीही आली. ग्लॉटप्रेसवर खातं उघडून कुणीही मराठी वाक्य सुचवू शकतं. ते लगेच वेबसाइटवर दिसत नाही. ते ‘प्रतीक्षेत’ या स्थितीत जाऊन पडतं. ज्याला मंजुरीचा अधिकार आहे असा संपादक ते वाचतो आणि पक्कं करतो, नाकारतो किंवा शेरा मारून दुरुस्तीसाठी परत पाठवतो. एखाद्या प्लगइनच्या नव्वद टक्के स्ट्रिंग पक्क्या झाल्या की पहिल्यांदा त्याचा मराठी भाषासंच तयार होतो आणि मराठी लावलेल्या सगळ्या वेबसाइटना अपडेटमधून आपोआप मिळतो. हे नव्वद टक्के मंजूर वाक्यांचे. सुचवलेली वाक्यं त्यात धरत नाहीत. एखाद्या उत्साही माणसाने रात्र जागून सगळा प्लगइन मराठीत केला आणि संपादकाला सवड झाली नाही, तर जगाच्या दृष्टीने त्या प्लगइनचं मराठी शून्य टक्के. सहीवाचून कचेरीत अडकलेल्या कागदासारखी त्याची गत.

इतका कडक दरवाजा कशाला, असं वाटणं साहजिक आहे. कारण सुरक्षिततेचं आहे. भाषासंच आपोआप जातो आणि वेबसाइटच्या मालकाला कुणी विचारत नाही. वाक्यात दुवेही असतात. मूळ वाक्यात ‘मदतीसाठी इथे पाहा’ असा दुवा असेल आणि भाषांतर करणाऱ्याने तिथे आपल्या दुकानाचा पत्ता घातला, तर तो एका रात्रीत कितीतरी वेबसाइटवर पोचेल. म्हणून कुणीतरी मराठी जाणणाऱ्या, ओळखीच्या माणसाने पाहिल्याशिवाय काही पुढे जात नाही.

हा ओळखीचा माणूस दोन प्रकारचा. एक सर्वसाधारण संपादक, ज्याला मराठीतलं सगळंच मंजूर करता येतं: मूळ वर्डप्रेस, थीम, सगळे प्लगइन. दुसरा एखाद्या प्लगइनपुरता संपादक. दोघंही स्वयंसेवक. पोट भरणारं काम वेगळं असतं आणि हे उरलेल्या वेळात. भांडारात साठ हजार प्लगइन आणि सर्वसाधारण संपादक मोजके, हे गणित कुठल्याच भाषेत जमत नाही. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. पण तपासणाऱ्यांची रांग लोकसंख्येने लांब होत नाही. म्हणून स्वयंसेवी भाषांतराचं संयोजन करायचं म्हणजे भाषांतर करणारे जमवायचे, असं जे सगळ्यांना आधी वाटतं, तिथेच गाडं चुकतं. करणारे एका दुपारीत मिळतात. तपासणारे घडवावे लागतात.

हे २४ एप्रिल २०१६ च्या पहिल्या जागतिक वर्डप्रेस भाषांतर दिनापासून सगळ्यांच्या लक्षात येत गेलं आहे. असा दिवस असला किंवा वर्डकॅम्पमध्ये, म्हणजे वर्डप्रेसवाल्यांच्या मेळाव्यात, योगदानाचा दिवस असला की एका टेबलाभोवती कॉलेजची पोरं, शिक्षक, वेबसाइट बनवणारे बसतात, लॅपटॉप उघडतात आणि सुचवण्यांचा ढीग घालतात. जो तो आपल्या आवडीचा प्लगइन उघडतो. संध्याकाळी चहा होतो, फोटो निघतात. मग तो ढीग मंजुरीला थांबतो. काही महिन्यांनी सुचवणारा बघायला येतो, आपलं एकही वाक्य पक्कं झालेलं दिसत नाही, आणि पुन्हा कधी येत नाही.

जिथे हे काम नीट चालतं तिथली रीत वेगळी असते. एका बैठकीला एकच प्लगइन घेतात, आणि तोही शक्यतो मध्यम आकाराचा. सुरुवातीला अर्धा तास शब्दांवर जातो: हा प्लगइन ‘बुकिंग’ म्हणणार की ‘आरक्षण’, ‘गेस्ट’ला पाहुणा म्हणायचं की अतिथी. मग स्ट्रिंग वाटून घेतात. मंजुरीचा अधिकार असलेला माणूस स्वतः भाषांतर करत बसत नाही. तो दुसऱ्या बाजूने, वाक्यं पडतील तशी तपासत येतो आणि चूक दिसली की टेबलावरूनच ओरडून सांगतो. पहिल्या तासात सांगितलेली चूक दुसऱ्या तासात होत नाही. तीच चूक दोन महिन्यांनी शेऱ्यातून कळली तर तोवर ती दोनशे ठिकाणी झालेली असते.

तपासणारा नेमकं काय बघतो? शुद्धलेखन, हे वरवरचं उत्तर. खरी गोम आहे ती गाळलेल्या जागांत. बऱ्याच स्ट्रिंगमध्ये प्रोग्राम ऐनवेळी काहीतरी भरतो, माणसाचं नाव, आकडा, गाव, तारीख, आणि त्या जागेवर टक्क्याच्या चिन्हाची खूण असते. ती खूण भाषांतरात जशीच्या तशी ठेवावी लागते. राहून गेली तर ग्लॉटप्रेस स्वतःच इशारा देतो. पण ती खूण मराठी वाक्यात शोभेल अशी बसली आहे का, हे यंत्राला कळत नाही. इंग्रजीत ‘इन’ लिहून पुढे जागा सोडली की काम भागतं. मराठीत जागेला प्रत्यय चिकटवायचा. ‘त’ चिकटवला तर गणेशगुडीत, दांडेलीत छान झालं, पण गाव पुणे निघालं की ‘पुणेत’, गोवा निघालं की ‘गोवात’. प्रोग्रामला सामान्यरूप येत नाही. म्हणून जाणता भाषांतरकार प्रत्ययाला बगल देतो आणि ‘ठिकाण’ लिहून, विसर्गासारखं चिन्ह देऊन, पुढे जागा सोडतो. वाक्य थोडं कोरडं होतं, पण कुठेच चुकत नाही.

लिंगाचंही तसंच. ‘न्यू’ ही एकच स्ट्रिंग प्लगइनमध्ये दहा ठिकाणी वापरलेली असते. ‘नवी’ लिहिलं तर खोलीला शोभतं, पाहुण्याला नाही. ‘नवा’ लिहिलं तर आरक्षण रुसतं. ‘नवीन’ सगळ्यांना चालतं. ‘निश्चित’, ‘रद्द’, ‘प्रलंबित’ हे शब्द सरकारी वाटतात खरे, पण लिंग-वचनाने बदलत नाहीत. त्यामुळे आरक्षणाची स्थिती सांगायला त्यांच्याइतके सोयीचे शब्द नाहीत. ‘पक्का-पक्की-पक्कं’ मला व्यक्तिशः जास्त आवडतं, पण इथे आवडीला फार वाव नाही. अनेकवचनाची सोय मात्र गेटटेक्स्टमध्ये आहे. प्रत्येक भाषेला आपला नियम देता येतो: मराठी-इंग्रजीला दोन रूपं, पोलिशला तीन, अरबीला सहा, जपानीला एकच. त्यामुळे ‘१ रात्र’ आणि ‘२ रात्री’ बिनचूक येतात, दोन्ही रूपं भरलेली असतील तर.

आणि ‘बुक’. आरक्षणाच्या प्लगइनमध्ये बटणावर हा एकच शब्द असतो. संदर्भ न बघता भरणाऱ्याने, आणि हल्ली यंत्राने, तिथे ‘पुस्तक’ लिहिलं की पाहुणा खोली घेण्यासाठी ‘पुस्तक’ दाबणार. ‘ऑर्डर’ कधी मागणी असते, कधी क्रम. प्लगइनच्या लेखकाने स्ट्रिंगसोबत संदर्भाची टीप घातली असेल तर ती ग्लॉटप्रेसमध्ये दिसते. नसेल तर प्लगइन स्वतःच्या चाचणीच्या साइटवर लावून, ते बटण कुठे आहे ते बघण्यावाचून गत्यंतर नाही. चांगले तपासनीस हे करतात, आणि म्हणूनच त्यांना वेळ लागतो.

तपासणाऱ्याला डोळ्यांनी न दिसणारीही एक भानगड आहे. ‘दुसऱ्या’ या शब्दातला अर्धा र संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतो: नुक्त्याच्या ऱ ने, किंवा साध्या र नंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द. एकाने एका तऱ्हेने टंकलेलं वाक्य दुसऱ्याला शोधून सापडत नाही. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली. त्याआधीची सवय असलेले लोक अजून अ वर चंद्र चढवून ते बनवतात. बैठकीच्या सुरुवातीलाच कळफलक कोणता, हे ठरवून घेतलेलं बरं.

शब्दांच्या एकवाक्यतेचा प्रश्न मराठीत वर्डप्रेसने आणलेला नाही. २००८ साली पुण्यात रेड हॅट या सॉफ्टवेअर कंपनीच्या पुढाकाराने ‘फ्युएल’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. संगणकावर वारंवार दिसणाऱ्या काही शे शब्दांची यादी घेऊन, भाषेगणिक माणसांना एकत्र बसवून, एकेक प्रतिशब्द ठरवायचा, अशी त्याची पद्धत. मराठीसाठीही अशी बैठक झाली. वेगवेगळे मुक्त प्रकल्प ‘फाइल’, ‘सेव्ह’, ‘प्रेफरन्सेस’ यांना वेगवेगळे शब्द वापरत होते, ते थांबावं हा हेतू. ग्लॉटप्रेसमध्ये आता प्रत्येक भाषेची शब्दसूची असते. तिच्यातला शब्द मूळ वाक्यात आला की अधोरेखित होतो, आणि त्यावर माउस नेला की ठरलेला प्रतिशब्द दिसतो. नव्या माणसाला यासारखी मदत नाही. मात्र सूची भरताना एक मोह टाळावा लागतो: शासकीय परिभाषा कोशातला जड शब्द घालायचा म्हणून घालायचा. ‘ईमेल’ला विपत्र म्हटल्याने बेळगावच्या पाहुण्याचं काही सोपं होत नाही.

यंत्राच्या भाषांतराबद्दल वर्डप्रेसच्या भाषांतर गटाचा, म्हणजे पॉलिग्लॉट्सचा, नियम स्पष्ट आहे: सूचना म्हणून यंत्राची मदत घ्या, पण न वाचता हजार वाक्यं चढवू नका. हा नियम शुद्धतेच्या सोवळ्यापोटी आलेला नाही. माणसाने केलेली चूक सहसा ठळक असते, तर यंत्राची चूक गुळगुळीत वाक्यात दडते, आणि तपासणाऱ्याला प्रत्येक वाक्य मुळाशी ताडून बघावं लागतं. म्हणजे सुचवणाऱ्याचं काम पाच मिनिटांवर येतं आणि टंचाई ज्याची आहे त्या तपासनिसाचं दुप्पट होतं.

प्रतीक्षा टाळण्याची एक पळवाटही आहे आणि पुष्कळजण ती घेतात. ‘लोको ट्रान्सलेट’ नावाचा प्लगइन लावला की आपल्याच वेबसाइटवर बसून दुसऱ्या प्लगइनच्या स्ट्रिंग मराठीत करता येतात आणि त्या ताबडतोब दिसतात. कुणाची मंजुरी नको. होमस्टेच्या मालकाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला हंगामाआधी फॉर्म मराठीत हवा असतो. पण ती मेहनत त्याच्याच सर्व्हरवर राहते. पलीकडच्या गल्लीतला होमस्टेवाला तीच वाक्यं पुन्हा मराठीत करतो. अशी केलेली फाइल बाहेर काढून ग्लॉटप्रेसवर चढवता येते, हे बऱ्याच जणांना कुणी सांगितलेलंच नसतं.

मंजूर झालेलं मराठी आलं तरी काही ठिकाणी इंग्रजी चिकटून राहतं, त्याचंही कारण कळलेलं बरं. कॉन्टॅक्ट फॉर्म ७ मध्ये ‘हे रकाने भरा’, ‘संदेश पोचला’ असे निरोप फॉर्म तयार होतो त्या क्षणी त्याच्यात लिहून ठेवले जातात. तेव्हा मराठी नव्हतं, म्हणून इंग्रजी निरोप बसले. नंतर भाषासंच आला तरी जुना फॉर्म तसाच बोलतो. फॉर्मच्या संपादनात निरोपांचं वेगळं पान असतं, तिथे जाऊन ते हाताने बदलायचे किंवा नवा फॉर्म करायचा. आकड्यांचं दुखणं तर भाषांतराच्या हाताबाहेर आहे. स्वल्पविराम कोणता द्यायचा हे भाषांतरकाराला ठरवता येतं, पण वर्डप्रेस ज्या पीएचपी भाषेत लिहिलंय तिचं आकडे मांडण्याचं नेहमीचं फंक्शन तीन-तीन अंकांचेच गट पाडतं. सव्वा लाख रुपये १,२५,००० असे न दिसता १२५,००० असे दिसतात.

हे सगळं बघता, सीमाभागातल्या माणसाने सुरुवात कुठून करावी? रोज वापरात असलेला एक प्लगइन निवडावा. त्यातल्या पाहुण्याला दिसणाऱ्या स्ट्रिंग आधी कराव्यात, मालकाच्या सेटिंगच्या नंतर. थोड्या केल्या की मराठीच्या संपादकांना त्या बघायला सांगाव्यात आणि शेरे मनावर घ्यावेत. काम नीट दिसलं तर त्या एका प्लगइनपुरता मंजुरीचा अधिकार मागता येतो. अर्ज उघडपणे पॉलिग्लॉट्सकडे करायचा असतो आणि केलेलं काम हीच शिफारस असते. प्लगइनचा लेखकही एखाद्या मराठी माणसासाठी असा अर्ज करू शकतो. मग सर्वसाधारण संपादकावरचा तेवढा भार उतरतो. नवी आवृत्ती आली की नवी वाक्यं येतात, जुनं वाक्य थोडं बदललं तर त्याचं भाषांतर ‘संदिग्ध’ ठरून पुन्हा तपासणीला येतं. त्या प्लगइनचा स्वतःचा संपादक असेल तर हे दहा मिनिटांत उरकतं. कानडीची रांग त्याच साधनात शेजारी आहे, तिच्याही अडचणी याच. जोयड्यात दोन्ही लिप्या वाचणारे लोक आहेत, ते दोन्हीकडे उपयोगी पडतील.

जंगलात मोबाइलची रेंज असेलच असं नाही, म्हणून इथल्या माणसाने पोएडिट हे आपल्याच संगणकावर चालणारं भाषांतराचं सॉफ्टवेअर वापरावं. ग्लॉटप्रेसवरून प्लगइनची फाइल उतरवून घ्यायची, विनानेट बसून मराठी भरायचं, आणि दांडेलीला किंवा रामनगरला गेल्यावर परत चढवायची. खुणा चुकल्या तर पोएडिट चढवण्याआधीच सांगतं. अधिकार नसलेल्याने चढवलेली फाइल मात्र ‘प्रतीक्षेत’मध्येच जाते, म्हणून पाचशे स्ट्रिंग एकदम चढवण्यापेक्षा पन्नासच चढवाव्यात आणि संपादकाला तसं कळवावं. पन्नास कुणीही जेवणानंतर वाचून टाकतं.